पन्नास बाय सत्तर

रास मुघैरच्या जुन्या बाजारात, मासळीवाल्यांच्या मागे,
एकोणीस वर्षं मी चौकटी करतो.
माप ठरलेलं, पन्नास बाय सत्तर, सोनेरी पट्टी.
पुढून खिळा नाही. खिळा सरकत सरकत
एखाद दिवशी कपाळापर्यंत जातो
आणि मग खुलासा मागतात.

शाळा, दवाखाने, टपाल, खजुराचं गोदाम,
उंटांच्या शर्यतीचं तिकीटघर,
जिथं जाल तिथं तोच फोटो:
अमीर बसलेले, उजवीकडे धाकटे शेख थुवैनी, युवराज,
आणि अमीरांच्या डाव्या खांद्यावर एक हात.
नुसता हात.
मनगटापाशी फोटो संपतो.

पहिल्या वर्षी विचारलं होतं मी, हा कुणाचा?
कुंजालीशेठ म्हणाला, तू सुतार ना? लाकडाचं बघ.

भिंतीला कान असतात, असं आमच्या दाभोळात म्हणायचे.
इथल्या भिंतींना डोळे मी बसवलेत,
ओळंबा धरून, एकेक.
बिघडलेली प्रतसुद्धा फेकायची नाही,
मोजून दिवाणात परत.
सिल्हेटच्या एका पोरानं तसल्याच कागदावर
कांदा चिरला होता.
त्याची चादर अजून आमच्या खोलीत आहे,
घडी घातलेली. कुणी अंगावर घेत नाही.

अमीर गेले. तीन दिवस रेडिओवर फक्त तिलावत.
चौथ्या दिवशी ऑर्डर: चार हजार दोनशे, आठवड्यात.
आता थुवैनी बसलेले,
आणि त्यांच्यामागे, फोटोतल्या भिंतीवर,
तोच जुना फोटो, आगपेटीएवढा.
मी चष्मा लावून पाहिला.
खांद्यावर हात नव्हता.
बिश्तची जरीची किनार सलग,
जणू विणतानाच कुणी तिथं हात ठेवला नव्हता.

सहाव्या रात्री शटर अर्धं खाली असताना
एक माणूस वाकून आत आला.
कोरोला स्वतः चालवत आलेला, गळ्याचं बटण उघडं,
दाढीत पांढरं.
पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाला, ही सागवानी?
नाही, म्हटलं, प्लास्टिक. दिसायला तशी.
आणि मग मला करंगळी दिसली,
वाकडी, मिटता न येणारी,
गावभर मीच टांगलेली.

तोडकंमोडकं हिंदी बोलला. आईकडून आलेलं.
आई मकरानची.
निकाहाची की नुसती महालातली,
यावर बाजारात दोन मतं, दोन्ही हलक्या आवाजात.
मरहून, म्हणाला, नाव.
मला इतकी अरबी येते. मरहून म्हणजे गहाण.
थोरला होता तो. पण पंगत वाढताना
पान कुणापासून सुरू करायचं
हे वाढणारा ठरवतो.

जुनी एक प्रत मिळेल?
मोजून द्यायच्यात, शेख.
किती?
चार हजार दोनशे.
तो हसला, खरंच हसला.
इतके हात होते मला, म्हणाला,
आणि एकानंही कधी काही उचललं नाही.

टेबलावर नवा फोटो होता, वर सुटी काच.
त्यानं त्या आगपेटीएवढ्या जागेवर
अंगठा टेकवला, हळूच,
झोपलेल्या बापाचा ताप बघावा तसा.
मग सलाम. मग गाडीचा आवाज.

काच पुसणं माझं काम.
फडकं हातात घेतलं.
खाली ठेवलं.
काच उलटी केली, ठसा आत.
पट्टी ठोकली, मागून कागद, वर दिवाणचा शिक्का.
चार हजार दोनशेत एक.
कुठं गेली, मला ठाऊक नाही, आणि तेच बरं.

रमजाननंतर व्हिसाच्या कामाला
पासपोर्ट ऑफिसात बसलो होतो. टोकन तीनशे सतरा.
शिडीवर एक नेपाळी पोरगा काच पुसत होता.
पुसायचा, मान तिरकी करून बघायचा,
वाफ सोडायचा, त्याच जागी पुन्हा घासायचा.
खालून साहेब ओरडला, झालं की नाही?
पोरगा म्हणाला, होतच नाही.

माझा नंबर लागला.